टेंडरच्या लीड विकत घेण्याआधी आणि घेतल्यावर: बेळगाव सीमाभागातल्या नव्या ठेकेदारांसाठी

टेंडरच्या लीड, म्हणजे निघालेल्या कामांच्या खबरा, पुरवणाऱ्या सेवा नेमकं काय विकतात, हे आधी समजून घ्या. सरकारी खात्यांची बहुतेक टेंडरं आज कुठल्या ना कुठल्या सरकारी पोर्टलवर निघतात आणि ती बघायला एक रुपयाही लागत नाही. टेंडर टायगर, टेंडर 247, बिडअसिस्ट यांसारख्या खासगी सेवा अशी अनेक पोर्टलं चाळतात, तुम्ही दिलेल्या शब्दांप्रमाणे टेंडरं निवडतात आणि मेलवर किंवा मोबाईलवर पाठवतात. पैसे घेतात ते या चाळण्याचे. टेंडर भरायचं तुम्ही, दर ठरवायचा तुम्ही, काम मिळालं तर उन्हात उभं राहायचं तेही तुम्हीच. "काम मिळवून देतो" असं फोनवर कुणी म्हणाला, तर तो फोन तिथेच ठेवा.

मग या सेवा घ्यायच्याच कशाला? आपल्या भागात त्यांना जरा जास्त अर्थ आहे. निपाणीचा ठेकेदार सकाळी कागलला साइट बघून दुपारी चिकोडीच्या इलाख्याच्या, म्हणजे सरकारी खात्याच्या, ऑफिसात हजर होऊ शकतो. बेळगावहून चंदगड जवळ, चोर्ला घाट उतरला की गोवा. म्हणजे एकाच माणसाच्या टप्प्यात तीन राज्यांची कामं येतात आणि तिन्हींची पोर्टलं वेगळी. कर्नाटकाचं केपीपीपी, म्हणजे कर्नाटक पब्लिक प्रोक्युअरमेंट पोर्टल, महाराष्ट्राचं महाटेंडर्स, गोव्याचं आणखी निराळं. शिवाय रेल्वेची कामं आयआरईपीएस या रेल्वेच्या पोर्टलवर येतात. बेळगाव, खानापूर, लोंढा ही स्टेशनं दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात आहेत, पण मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, त्यामुळे शोधताना दोन्ही विभाग टाकावे लागतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि मोठी छावणी आहे, तिथली एमईएसची, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसची, कामं संरक्षण खात्याच्या पोर्टलवर. एवढं सगळं रोज स्वतः उघडून बघायचं म्हटलं तर साइटवर कोण जाणार?

आधी कागद, मग लीड

बरेच नवे लोक इथेच उलटं करतात. वर्गणी भरतात, रोज ढीगभर टेंडरं येऊ लागतात, आणि एकही भरता येत नाही, कारण कागदच तयार नसतात.

कर्नाटकातल्या कामांसाठी लोकोपयोगी इलाख्याची, म्हणजे पीडब्ल्यूडीची ठेकेदार नोंदणी लागते. वर्ग 1 ते 4 असे आहेत. 4 सर्वांत लहान, नवखा माणूस तिथूनच सुरू होतो. कोणत्या वर्गाला किती रकमेपर्यंतचं काम भरता येतं ही मर्यादा बदलत असते, ती इलाख्याच्या ऑफिसात विचारून लिहून ठेवा. महाराष्ट्रातली नोंदणी वेगळी, तिकडच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची. एका राज्याच्या वर्गावर दुसऱ्या राज्यातलं टेंडर चालेल असं गृहीत धरू नका, प्रत्येक नोटिशीत स्पष्ट लिहिलेलं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या लहान कामांचा बराच हिस्सा मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी राखीव असतो. तो वगळला की चंदगड-गडहिंग्लजच्या बाजूला तुमच्यासाठी किती कामं उरतात, हे वर्गणी भरण्याआधी बघितलेलं बरं.

बाकी कागद: पॅन, जीएसटी, बँकेचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला, गेल्या काही वर्षांचे ताळेबंद सीएच्या सहीचे, पूर्ण केलेल्या कामांचे दाखले, पीएफ-ईएसआय लागू असेल तर त्यांची नोंद. विजेच्या कामाला विद्युत निरीक्षकांकडचं वेगळं लायसन. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची केंद्राकडची नोंदणी, करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणारी दिसली तर ती साइट खोटी समजा. मात्र उद्यमच्या जोरावर बांधकामाच्या टेंडरात ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत, माफ होईल या भ्रमात राहू नका. केंद्राची ती सवलत वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामाला ती सहसा लागू धरत नाहीत.

आणि डिजिटल सही. 2021 पासून क्लास 3 चीच सही चालते. सही करण्याचं आणि एन्क्रिप्शनचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं एकाच टोकनवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या उपकरणावर, घ्या. प्रमाणपत्रावरचं नाव पॅनवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असलं की पोर्टलवर नोंदणी अडते. टोकनचा पासवर्ड चुकीचा चुकीचा टाकत राहिलात तर टोकन लॉक होतं, आणि तेही हमखास शेवटच्या तारखेला. टोकन स्वतःकडे ठेवा. टेंडर भरून देणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये दहा ठेकेदारांची टोकनं पडलेली मी बघितली आहेत. तुमच्या सहीनं कुठे काय भरलं जातंय हे तुम्हालाच ठाऊक नसणं हा फार महागाचा आळस आहे.

अनुभवाच्या दाखल्याचं एक सांगतो. पेटी ठेका, म्हणजे दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखालचं काम, घेऊन वर्षानुवर्षं काम केलेले मेस्त्री आपल्याकडे गावोगाव आहेत. हात तयार असतो, माणसं असतात, सेंटरिंगचं सामान असतं. पण दाखला निघतो तो मूळ ठेकेदाराच्या नावानं. म्हणून लहान का होईना, ग्रामपंचायतीचं किंवा शाळेच्या दुरुस्तीचं काम स्वतःच्या नावावर घ्या आणि ते संपलं की दाखला हातात पडेपर्यंत पाठ सोडू नका. पुढे प्रत्येक लीडवर तुम्हाला विचारला जाणार आहे तो हाच कागद.

पहिला महिना फुकटात काढा

वर्गणी भरण्यापूर्वी महिनाभर केपीपीपी आणि महाटेंडर्स स्वतः चाळा. टेंडर शोधायला लॉगिनही लागत नाही. यातून दोन गोष्टी हाती येतात. एक म्हणजे आपल्या कामाची, आपल्या आवाक्यातली, आपल्या अंतरातली टेंडरं महिन्याला खरोखर किती निघतात ते कळतं. चार-पाचच निघत असतील तर वर्गणीची गरज नाही, आठवड्यातून दोनदा पोर्टल उघडलं की भागलं.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. पोर्टलवर उघडलेल्या टेंडरांचे निकाल दिसतात: किती जणांनी भरलं, कोण अपात्र ठरलं, एल-1, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, कितीला गेला. ज्या विभागात काम करायचं आहे त्याची मागची पंधरा-वीस टेंडरं काढा आणि वहीत चार रकाने पाडा: काम, अंदाजपत्रक, एल-1 चा दर, भरणाऱ्यांची संख्या. काही विभागांत कामं अंदाजपत्रकाच्या आसपास जातात, काहींत वीस-वीस टक्के बिलो, म्हणजे त्याच्या खाली, जातात. काहींत तीच तीन नावं आलटूनपालटून दिसतात. तिथे काय चाललंय यावर मी बोलणार नाही, पण तुमची ईएमडी तिथे गुंतवायची की नाही हे त्या वहीवरून तुम्हालाच समजेल. पैसे देऊन घेतलेल्या लीडमध्ये एवढी माहिती क्वचितच असते.

शब्द नीट दिले तरच लीड नीट येते

सेवा घ्यायचं ठरलं, तर तुमच्या आवडीचे शब्द आणि जागा भरायला सांगतात. नव्वद टक्के लोक इथे "सिव्हिल वर्क, कर्नाटक" एवढंच लिहितात आणि मग बिदरपासून चामराजनगरपर्यंतच्या टेंडरांनी मेल भरून वाहतो.

आपल्या गावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा घोळ मोठा आहे. बेळगावचं अधिकृत नाव 2014 साली बदललं, पण अजून काही खाती, विशेषतः केंद्राची, जुनं स्पेलिंग वापरतात. त्यामुळे बेळगावी आणि बेलगाम दोन्ही टाका. चिकोडी, निपाणी, सौंदत्ती, रायबाग यांची प्रत्येकी दोन-दोन स्पेलिंगं चालतात, ती सगळी टाका. उलट "खानापूर" एवढंच टाकलंत तर सांगलीतल्या विट्याकडच्या खानापूर तालुक्याची टेंडरं येऊन पडतील. तिथे जिल्ह्याची चाळणी लावावीच लागते.

कर्नाटकातल्या कामांची नावं पुष्कळदा कन्नड शब्द इंग्रजी लिपीत लिहून दिलेली असतात. कामगारी म्हणजे काम, दुरस्ति म्हणजे दुरुस्ती, शाला कोठडी म्हणजे वर्गखोली, चरंडी म्हणजे गटार, कट्टड म्हणजे इमारत. हे शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये यादीत घाला. फक्त "ड्रेन" आणि "बिल्डिंग" टाकणाऱ्याच्या नजरेतून जी कामं सुटतात, ती तुमच्याकडे येतील. कन्नड वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला बसवा शेजारी, त्याला ते सक्तीनं शिकावंच लागतं.

नको असलेले शब्दही सांगता येतात का ते विचारा. पूल, धरण, महामार्ग, दहा कोटींच्या वर, हे सगळं आधीच वगळलं की रोजची वीस लीड तीनवर येते. वर्गणी घेताना ही सोय आहे का, शुद्धिपत्रकं कळवतात का, मूळ कागद डाउनलोड करता येतात का, आणि पुढच्या वर्षाचे पैसे खात्यातून आपोआप कापले जातात का, एवढं विचारा. आधी तिमाही घ्या. तीन वर्षांची "ऑफर" देणाऱ्याला हसून नमस्कार करा.

एक लीड दहा मिनिटांत कशी वाचायची

समजा सकाळी लीड आली: खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे एका शाळेच्या दोन खोल्या, अंदाजपत्रक 30 लाख, मुदत सहा महिने. लीडमधला सारांश बाजूला ठेवा आणि पोर्टलवरची मूळ नोटीस उघडा. सारांशात नसलेल्या गोष्टीच तुम्हाला नापास करतात.

पहिल्यांदा राखीव आहे का बघा. कर्नाटकाच्या 1999 च्या पारदर्शक खरेदी कायद्याखाली, ज्याला सगळे केटीपीपी म्हणतात, ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांपैकी 24.1 टक्के कामं अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांसाठी राखीव असतात. पुढे काही मागास प्रवर्गही यात आले. तुम्ही त्या प्रवर्गात असाल तर ही मोठी संधी, नसाल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

मग वर्ग, उलाढाल आणि "तशाच स्वरूपाच्या" कामाचा अनुभव. कर्नाटकात टेंडरचे कागद रकमेप्रमाणे केडब्ल्यू-1 ते केडब्ल्यू-4 अशा नमुन्यांत असतात. आकडा मोठा तशा अटी कडक. मोठ्या नमुन्यात तुमची टेंडर भरण्याची क्षमता सूत्रानं काढतात. गेल्या पाच वर्षांतल्या ज्या एका वर्षी सर्वांत जास्त काम केलं तो आकडा घ्यायचा, त्याला नव्या कामाच्या मुदतीनं, तीही वर्षांत धरून, आणि मग 1.5 नं गुणायचं, आणि त्यातून याच काळात हातात असलेल्या कामांची रक्कम वजा करायची. तुमचं सर्वांत चांगलं वर्ष 60 लाखांचं, मुदत सहा महिने म्हणजे 0.5, गुणाकार 45 लाख. हातात 20 लाखांची कामं असतील तर क्षमता उरली 25 लाख. 30 लाखांच्या कामाला हे सूत्र लावलेलं असेल, तर तुम्ही इथेच बाद. गुणक काही खात्यांत वेगळा असतो, म्हणून कागदात छापलेलाच धरा.

इथपर्यंत टिकलात तर जागा. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस काम करू देत नाही. सहा महिन्यांची मुदत पावसाळा धरून आहे की सोडून, हे त्या कागदात शोधा. एप्रिलमध्ये वर्क ऑर्डर मिळाली आणि मुदतीत पावसाळा धरलेला असेल, तर तुमच्या हातात खरे दोनएक महिनेच आहेत आणि उशीर झाला की दंड. काम मोठं असो वा लहान, साइट बघितल्याशिवाय दर टाकू नये. ट्रॅक्टर दारापर्यंत जातो का, पाणी कुठलं, खडी कुठल्या क्वारीची आणि ती रॉयल्टीची पावती देते का? पावती नसली की बिलातून रॉयल्टी कापली जाते, आणि मग स्वस्तात मिळालेली खडी स्वस्त राहत नाही.

दर टाकताना

अंदाजपत्रक एसआरवर, म्हणजे त्या सर्कलच्या दरसूचीवर बनतं. एसआर कोणत्या वर्षाचा आहे ते बघा. जुन्या एसआरवर बेतलेल्या कामात सळी आणि सिमेंटचे आजचे भाव घालून आधी स्वतःचा हिशेब मांडा आणि मग टक्केवारीकडे या. "बाकीचे 18 बिलो टाकतात, आपण 19 टाकू" हा हिशेब नव्हे. फार खाली गेलात तर खातं जादा सुरक्षा ठेव मागतं, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच भांडवल अडकतं.

कापल्या जाणाऱ्या रकमा धरा. जीएसटी सोडून 10 लाखांचं बिल असेल, तर वैयक्तिक मालकीच्या ठेकेदाराचा आयकर टीडीएस 1 टक्का, म्हणजे 10 हजार. करार अडीच लाखांच्या वर असल्यानं जीएसटी टीडीएस 2 टक्के, 20 हजार. कामगार सेस 1 टक्का, 10 हजार. सुरक्षा ठेव 5 टक्के धरली तर 50 हजार. एकूण 90 हजार हातात येत नाहीत. यातला आयकर विवरणपत्रात वळता होतो, जीएसटी टीडीएस तुमच्या कॅश लेजरमध्ये येतो, ठेव दोषदायित्वाची, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून देण्याची, मुदत संपल्यावर सुटते. सेस मात्र गेला तो गेला. अंदाजपत्रकात त्याची तरतूद आहे का ते बघून घ्या. सरकारी बांधकामावर 2022 च्या जुलैपासून सर्वसाधारणपणे 18 टक्के जीएसटी आहे. तुमचा दर जीएसटी धरून की वगळून, हे नोटिशीत पुन्हा एकदा वाचा. या एका ओळीवर अख्खा नफा जातो.

बिल कधी निघेल याचा भरवसा कुणीच देत नाही. मार्चअखेरीला अनुदान आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षावर. तीन-चार महिने पैसे न येता माणसांचा पगार भागेल का, या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर लीड कितीही गोड दिसली तरी सोडा.

भरताना शेवटचा दिवस टाळा. ईएमडी चलन काढून नेफ्टनं भरत असाल तर ती पोर्टलवर जमा दिसायला वेळ लागतो. सुट्टी आडवी आली की संपलं. भरण्याआधी मूळ पोर्टलवर शुद्धिपत्रक आलं आहे का बघा, सेवेच्या मेलवर विसंबू नका. टेंडरची प्रक्रिया फी परत मिळत नाही, ती प्रत्येक प्रयत्नाच्या खर्चात धरा.

घरगुती आणि कारखान्यांची कामं

सरकारी टेंडर नको वाटत असेल तर जस्टडायल, इंडियामार्ट, सुलेखा अशा ठिकाणी खासगी ग्राहकांच्या चौकशा मिळतात. इथली रीत वेगळी. एकच चौकशी चार-पाच ठेकेदारांकडे जाते, म्हणून पहिल्या काही मिनिटांत फोन लावणाऱ्याला अर्धं काम तिथेच मिळतं. साइटवर धूळ आणि आवाजात फोन घेणं जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी ही जबाबदारी द्या आणि प्रश्न लिहून द्या:

"नमस्कार, तुमची चौकशी आली होती. प्लॉट कुठे आहे? बुडाच्या लेआउटमधला आहे का? खाता कुणाच्या नावावर आहे? नकाशा मंजूर झालाय का? काम कधी सुरू करायचंय?"

बुडा म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण, खाता म्हणजे मालमत्तेची नोंद. पाचपैकी तीन उत्तरं "बघायचंय अजून" अशी आली तर तो माणूस भाव काढतोय एवढंच. त्याच्याशी गोड बोला, पण साइट बघायला पेट्रोल जाळू नका. अनगोळ, वडगाव, हिंडलग्याकडची घरबांधणीची कामं अशा चौकशांतून मिळतात, पण माझ्या मते नव्या माणसानं उद्यमबाग आणि मच्छ्याच्या कारखान्यांकडे जास्त लक्ष द्यावं. फौंड्री आणि मशिनशॉपना शेडचा पत्रा, जमिनीची दुरुस्ती, मशिनचं फौंडेशन असं काहीतरी सतत लागतं. काम लहान, पैसे तुलनेनं वेळेवर, आणि एकदा विश्वास बसला की पुढचं काम फोनवर मिळतं. घराच्या कामात पैशांचे टप्पे आधीच कागदावर ठरवा: पाया, लिंटल, स्लॅब, गिलावा. स्लॅब ओतल्यावर मालकाचा हात आखडतो हे जुनं दुखणं आहे, म्हणून स्लॅबचे पैसे सेंटरिंग उभं राहिलं की मागायचे.

जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं केंद्राचं पोर्टल, मुख्यतः वस्तू आणि सेवांचं आहे. सफाई, मनुष्यबळ, देखभाल असली कामं करत असाल तर बघा, निव्वळ बांधकामवाल्याला तिथे फारसं काही नाही.

तीन महिन्यांनी

वहीत आणखी एक पान ठेवा: आलेल्या लीड, त्यांपैकी वाचलेल्या, भरलेल्या, मिळालेल्या, आणि प्रत्येकावर गेलेला खर्च. त्यात फी, झेरॉक्स, सीएचे पैसे, साइटचं पेट्रोल आणि अडकलेली ईएमडी सगळं आलं. हरलेल्या टेंडरांच्या ईएमडी परत आल्या का ते महिन्याला एकदा तपासा, बरेच जण विसरूनच जातात. भरलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणी कागदांमुळे अपात्र ठरत असाल तर वर्गणी थांबवा आणि आधी कागद नीट करा. दरामुळे हरत असाल तर निकालांचं पान पुन्हा काढा. आणि काम मिळालंच, तर लेखी वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय साइटवर एक घमेलं माल टाकू नका. "साहेबांनी तोंडी सांगितलंय, सुरू करा, कागद मागून येईल" असं सांगणारा कितीही ओळखीचा असला तरी.